तारांची उंची

माझ्या कन्येनें इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हां मी फारसा प्रसन्न झालों नव्हतों. आणि तिसऱ्याच आठवड्यांत ती कोपऱ्यांत उभी राहिली तेव्हां, खरें सांगावयाचें तर, मला थोडें समाधानच वाटलें. "बोटें दुखतात, बाबा, आणि बेसूरहि वाजतें," ती म्हणाली. "दुखणारच! विद्या काय फुकट मिळते?" असें म्हणून मीं 'चिकाटी' या विषयावर तिला एक लहानसें व्याख्यान ऐकविलें.

एका रविवारीं सहज तें वाद्य हातीं घेतलें. तार दाबली मात्र, माझ्याच बोटावर वळ उठला! फूटपट्टी लावून पाहिलें. बाराव्या पडद्याशीं, म्हणजे तारेच्या ऐन मध्यावर, बारीक तारसुद्धां तीन मिलिमीटर उंच होती. तेथें साधारण दीड मिलिमीटर पुरतें. शिवाय उंच तार दाबतांना अधिक ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे मुलीच्या दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. उणेपणा चिकाटींत नव्हता, वाद्याच्या ठेवणींत होता.

ही गिटार लिओ फेंडर यांनीं १९५४ सालीं काढलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाची. गंमत अशी कीं, या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. पण वाजविणाराच्या बोटांचा विचार त्यांनीं केला होता. सहाहि तारांना स्वतंत्र घोडी, आणि प्रत्येक घोडीला दोन चिमुकले स्क्रू! षट्कोनी किल्ली घेऊन मी ते हळूहळू फिरवूं लागलों. घोडी एक मिलिमीटर उतरली कीं मध्यावर तार अर्धाच मिलिमीटर उतरते. दर खेपेस सूर पुन्हां लावावयाचा, मग मोजावयाचें. यशाच्या भरांत मीं तारा इतक्या खालीं आणल्या कीं त्या पुढच्या पडद्यांवर आपटून खरखरूं लागल्या. कंप पावावयाला तारेलाहि थोडी जागा लागतेच! पुन्हां दोन फेरे वर.

कन्येनें तार छेडून पाहिली. "बाबा, हें आधींच करतां आलें असतें?"

"आलें असतें," मी म्हणालों, आणि माझें व्याख्यान आठवून माझी मान खालीं गेली.

गणित माझ्या डोक्यांत शिरणार नाहीं, असें लहानपणीं एका मास्तरांनीं मला सांगितलें होतें, आणि मींहि तें मुकाट्यानें मानलें होतें. कुणीं सांगावें, तेथेंहि एखादी घोडीच उतरवावयाची राहिली असेल! शेजारच्या खोलींतून आतां चुकतमाकत सूर येत आहेत. मी व्याख्यान देत नाहीं. किल्ली खिशांत ठेवून ऐकत बसतों.