सचिनची ओढ

सचिन म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटपटू उभा राहतो. परंतु सुरतेच्या दक्षिणेस, पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, ह्याच नावाचे एक स्थानक आहे आणि ते नाव त्या खेळाडूहून पुष्कळ जुने आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाने १७९१ साली जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस सोडून दिला आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. (पेशव्यांच्या हाती जंजिरा काही लागला नाही, ही गोष्ट निराळी!) १९४८ साली हे चिमुकले संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व १९६० साली गुजरातेच्या वाट्यास गेले.

आज तेथे जाणारा माणूस नवाबाच्या आठवणीसाठी जात नाही. तो जातो औद्योगिक वसाहतीतील मागांवर आणि रंगाईच्या गिरण्यांत काम शोधावयास. सुरत शहराची वस्ती २००१ साली सुमारे चोवीस लाख होती, ती २०११ साली चव्वेचाळीस लाखांच्या वर गेली. २०२० साली सचिनही सुरत महापालिकेच्या हद्दीत आले.

माझी भाची लग्न होऊन तेथे गेली. जावई एका गिरणीत रंगखात्यात आहेत. वाडीतील एक तुकडा त्यांस घर बांधावयास द्यावा आणि त्यांनी मुलांसह वसईस परत यावे, असे गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या मनाने घेतले. निरोप पोहोचविण्याचे काम अर्थातच मामाकडे आले.

शहराकडे मी काहीशा रागानेच पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो. आपण वसईकर शहराकडे गेलो नाही. शहरच आपल्या बांधावर चालून आले. ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा आपली गावे तीतून वगळावी म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. तेव्हा कोणी आपण होऊन अशा गर्दीत राहावयास जावे, ह्याचे मला नवल वाटे.

विरारहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीने मी सचिनला उतरलो. कोऱ्या कापडाचे तागे लादलेले टेम्पो, धुराडी, हवेत रंगाचा उग्र वास. चाळीच्या दारादारांत बायका मांडीवर साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवीत बसलेल्या. मराठी कानी पडली ती खानदेशी वळणाची. सुरतेत ह्या मंडळींची वस्ती एवढी मोठी आहे की महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. भाचीच्या शेजारीण नंदुरबारकडच्या. गावी कोरडवाहू जमीन, एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. त्या म्हणाल्या, “दादा, गावाला आभाळाकडे बघायचो. इथं फक्त महिन्याच्या तारखेकडे बघायचं.”

भाचीचे म्हणणे निराळे होते. “मामा, गावात घर मिळेल, पण ह्यांना काम कुठे मिळेल? पहाटे उठून विरारची लोकल गाठायची आणि मुले झोपल्यावर परत यायचे. येथे हे सायकलने दहा मिनिटांत गिरणीत जातात. रात्रपाळीचा आठवडा सोडला तर आम्ही सगळे एकत्र जेवतो.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “आणि वाडीत मी कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी नात. येथे मी शिकवण्या घेते. सगळी आळी मला टीचर म्हणते.”

ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. परंतु मी गप्प बसलो नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे ह्याच वसाहतीत एका टँकरमधून चोरून नाल्यात रसायन सोडले जात असता विषारी वायू पसरला व सहा कामगार दगावले. ६ जुलै २०२४ रोजी सचिनच्या पाली गावात दहा वर्षेही न झालेली सहा मजली इमारत कोसळून सात माणसे मेली. दोन्ही गोष्टी मी तिच्यापुढे मांडल्या. ती म्हणाली, “वायू सुटला त्या रात्री हे दुसऱ्या गिरणीत पाळीवर होते. घरी येईपर्यंत मी दारातच उभी होते.” आणि इमारत पडल्यावर त्यांनी आपले चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाड मोडून बैठ्या घरात भाडे अधिक देऊन मुक्काम हलविला होता. मला सांगू नये म्हणून तिने आईला बजावले होते!

असली शहरे माणसाला वेतन आधी देतात आणि त्याच्या जिवाची राखण सर्वांत शेवटी करतात, असे माझे मत आहे व ते मी जावयांजवळ बोलून दाखविले. त्यांनी मान डोलावली. मग घड्याळ पाहून डबा उचलला.

परत आल्यावर बहिणीस सर्व वृत्तांत सांगितला. दोन दिवस ती मजशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्या तुकड्यात राजेळीचे मुनवे लावून घेतले. जमीन मात्र भाचीच्याच नावे ठेवली आहे. दिवाळीत गिरण्या बंद असतात, तेव्हा ती मंडळी येतात. जाताना पिशवीत सुकेळी घेऊन जातात. शेजारणीलाही फार आवडतात म्हणे.