राखी झाली, पोळा व्हायचाय

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार. सकाळपासून झड लागली होती. साडेदहाच्या सुमारास जुन्या उज्जैनमधून ई-रिक्षा करून, पदर डोक्यावर घेऊन, सत्तरी ओलांडलेल्या एक काकू आमच्या प्रयोगशाळेत आल्या. स्मरणशक्तीच्या अभ्यासातली ही त्यांची दुसरी खेप. पहिली १० जुलैला झाली होती. बरोबर सहा आठवड्यांनी, त्याच वेळी आणि त्याच खोलीत दुसरी व्हायची होती. चाचणी सुरू करण्याआधी आम्ही काही ठरलेले प्रश्न विचारतो. रात्री झोप किती झाली, चष्मा आणलाय का, रोजचं औषध घेतलंय का, शेवटचं केव्हा खाल्लं. चौथ्या प्रश्नावर काकू म्हणाल्या, "काल दिवेलागणीला जेवले. आज सकाळचा चहा तेवढा झालाय. श्रावणभर एकवेळच जेवते मी."

माझी विद्यार्थिनी शाजापूरकडची, घरची भाषा माळवी. ती गोंधळली. काकूंनी जुलैतच सांगितलं होतं की श्रावण संपला की येते. तिने ते नीट लिहून घेतलं होतं आणि राखीनंतरचा दुसरा दिवस सोडून बुधवार धरला होता. राखी १९ तारखेला झाली होती. तिच्या घरी सावन संपला होता.

काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. "राखी झाली ग, पण पोळा कुठं झालाय अजून?"

मी याच शहरात वाढलेली मराठी बाई. भिंतीवर दोन कालनिर्णय असावेत तशी दोन पंचांगं कायम माझ्या डोक्यात असतात, आणि तरीही ती नोंद तपासताना ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच असतो, कृष्ण पक्षाचं नाव तेवढं बदलतं. त्या वर्षी इथला सावन २२ जुलैला लागला आणि १९ ऑगस्टला संपला. काकूंचा श्रावण ५ ऑगस्टला लागला आणि २ सप्टेंबरच्या पोळ्यापर्यंत चालणार होता. "श्रावणानंतर" या एका शब्दात पंधरा दिवसांचं अंतर होतं, आणि ते आमच्या रजिस्टरात कुठेच दिसत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही चाचणी घेतली नाही. पहिल्या खेपेला काकू नाश्ता करून आल्या होत्या. दुसरी उपाशीपोटी घेतली असती आणि आठवलेल्या शब्दांची संख्या कमी भरली असती, तर ती सहा आठवड्यांमुळे कमी झाली की पोटात अन्न नसल्यामुळे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. एक म्हातारी बाई पावसात आली आणि तशीच परत गेली. ज्या दीड तासासाठी आम्ही ती खोली अडवून ठेवली होती, त्याच दीड तासासाठी दुसऱ्या अभ्यासातल्या एका सहकाऱ्याला आदल्या आठवड्यात नकार मिळाला होता. खोली रिकामी राहिली. ती चूक माझी होती, आणि तिच्यामुळे मला या विषयावर लिहावंसं वाटलं.

वाढत्या वयात लक्ष आणि स्मरण कसं बदलतं हा माझ्या अभ्यासाचा विषय. लोक विचारतात तेव्हा मी चाचण्यांविषयी सांगते, आकड्यांविषयी सांगते. खोलीची नोंद आणि लोकांना दिलेल्या वेळा यांविषयी कुणी विचारत नाही. ते कारकुनी काम समजलं जातं, नव्या विद्यार्थ्याच्या गळ्यात घातलं जातं. पण माणसांवरच्या संशोधनात कोण केव्हा कुठे बसलं, हाच प्रयोगाचा निम्मा भाग असतो.

साधं उदाहरण घ्या. विद्यापीठातल्या खोल्या सामाईक असतात. सकाळी पदवीच्या आणि एम.ए.च्या मुलांची प्रात्यक्षिकं चालतात, संशोधनाला खोली मिळते दुपारी दोननंतर. आता मला वीस वर्षांच्या मुलांची आणि सत्तर वर्षांच्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती ताडून पाहायची आहे. दोघांनाही दुपारी चारला बोलावलं तर वरवर न्याय झाला असं वाटतं. तो न्याय नसतो. सिंथिया मे, लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की बहुतेक ज्येष्ठ सकाळी तरतरीत असतात, तरुणांपैकी बऱ्याच जणांचं डोकं दुपार उलटल्यावर चालू लागतं, आणि दोन वयांमधला स्मरणाचा फरक सकाळी लहान असतो, संध्याकाळकडे मोठा होतो. म्हणजे प्रात्यक्षिकांमुळे दुपार उरली, दुपारमुळे ज्येष्ठांचे गुण घसरले, आणि निबंधात लिहिलं गेलं की वयामुळे स्मरण इतकं कमी होतं. वय मोजायला गेलो आणि खोलीचं वेळापत्रक मोजून आलो.

मग करायचं काय? एकतर सगळ्यांनाच सकाळी बोलवायचं, नाहीतर प्रत्येक गटातले निम्मे सकाळी आणि निम्मे दुपारी बसवायचे, आणि कोण कुठे जाणार हे आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दोन्हींसाठी सकाळच्या खोल्या लागतातच. आम्ही आठवड्यातल्या दोन सकाळी मागून घेतल्या आणि बदल्यात प्रात्यक्षिकांना दोन दुपारी दिल्या. ही देवाणघेवाण व्हायला एक पूर्ण सत्र गेलं, कितीतरी वेळा चहा झाला. माझ्या मते त्या अभ्यासातलं सर्वात मोलाचं काम तेच होतं, जरी छापील लेखात त्याला एकच ओळ मिळाली.

"सकाळ" म्हणजे तरी किती वाजता, हा प्रश्न उज्जैनमध्ये विचारावाच लागतो. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांनी मध्यरेखा मानली ती याच गावावरून जाणारी. भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. उज्जैन त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांवर आहे, म्हणजे आमचा सूर्य घड्याळाच्या सुमारे सत्तावीस मिनिटं मागे चालतो. नवे विद्यार्थी आले की मी त्यांना जयसिंहपुऱ्यातल्या वेधशाळेत नेते. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतलेली. सम्राट यंत्राच्या तिरप्या भिंतीची सावली वक्र पट्टीवर कुठे पडते ते पाहायचं आणि हातातल्या मोबाइलशी ताडायचं. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य माथ्यावर येतो तेव्हा मोबाइलमध्ये १२ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास झालेले असतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ११. अर्ध्या तासाचा हा फरक पाहिल्यावर विद्यार्थ्यांना कळतं की फेब्रुवारीत साडेआठला बोलावलेल्या ज्येष्ठ माणसाच्या सूर्याचे अजून आठही वाजलेले नसतात. आम्ही पहिली वेळ साडेनऊची ठेवतो ती याचमुळे.

वेधशाळेत नेण्याला आणखी एक कारण आहे. आमचं प्रायोगिक मानसशास्त्रच एका वेधशाळेतल्या भांडणातून उगवलं. ग्रिनिचला नेव्हिल मॅस्केलाइन हे राजज्योतिर्विद होते आणि डेव्हिड किनेब्रूक हा त्यांचा मदतनीस. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकताना घड्याळाचे ठोके कानाने मोजायचे आणि क्षण टिपायचा, अशी रीत. किनेब्रूकच्या नोंदी मॅस्केलाइनांच्या नोंदींपेक्षा पाऊण सेकंदाहून थोड्या जास्त उशिराच्या येऊ लागल्या, आणि १७९६ मध्ये त्याची नोकरी गेली. पुढे काही दशकांनी बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने ताडून पाहिलं, तर कुठल्याही दोन निरीक्षकांमध्ये असा फरक निघतोच. तो आळस नव्हता, माणसाचं मन आणि हात यांना लागणारा वेळ होता. या वेळेचं मोजमाप करता करताच १८७९ मध्ये लाइपझिगला वुंट यांच्या प्रयोगशाळेपर्यंत वाट गेली. मला किनेब्रूकची नेहमी आठवण येते. आमच्या खोलीत बसलेला माणूस हळू उत्तर देतो तेव्हा आधी आपली खोली, आपली वेळ, आपलं घड्याळ तपासावं, हे मी त्याच्याकडून शिकले.

प्रत्यक्ष नोंद कशी होते ते सांगते. टेबलावर लांब पानांचं रजिस्टर असतं. संगणकावरचं कॅलेंडर आहे, पण वीज गेली किंवा इंटरनेट गेलं की भांडणं होतात, म्हणून अंतिम शब्द रजिस्टरचा. खोली हवी असली की आधी पेन्सिलीने लिहायचं. येणाऱ्या माणसाचा होकार फोनवर मिळाला की त्यावर शाई फिरवायची. पेन्सिलीची नोंद आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत शाईची झाली नाही तर ती आपोआप सुटते, दुसरा कुणीही ती वेळ घेऊ शकतो. हा नियम आम्ही केला कारण लोक पूर्वी अख्खा महिना अडवून ठेवायचे, "कुणीतरी येईल" या आशेवर. प्रत्येक वेळेनंतर पंधरा मिनिटं मोकळी सोडायची. पटनी बाजारातून येणारा माणूस दहा मिनिटं उशिरा येणारच, तिथल्या गल्लीत एक हातगाडी आडवी झाली की पुरे. उशिरा आलेल्या माणसाला घाई करून चाचणीला बसवण्यापेक्षा त्याला पाणी देऊन दोन मिनिटं शांत बसवणं जास्त गरजेचं असतं. धावत आलेल्या माणसाचा प्रतिक्रियाकाल म्हणजे त्याच्या धावण्याचाच हिशेब.

रजिस्टरात नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. हे आम्ही उशिरा शिकलो. उघड्या टेबलावर नाव, वय आणि "स्मृती चाचणी" असं लिहिलेलं असलं की येणारा-जाणारा वाचतो, आणि उज्जैन मोठं शहर असलं तरी जुन्या वस्तीत बातमी घरी पोहोचायला वेळ लागत नाही. अमक्याच्या आजोबांना विसरायला होतंय म्हणे. आजोबा ठणठणीत असतात, तुलनेच्या गटात म्हणून आलेले असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सहभागी माणसाची गोपनीयता आणि त्याला येण्याजाण्याचा खर्च परत मिळणं, दोन्ही स्पष्ट आहेत. खर्चाची पाकिटं आम्ही चाचणीच्या आधीच हातात देतो. मध्येच उठून जायचा हक्क त्यांना आहे, आणि उठून गेलेल्या माणसालाही रिक्षाचं भाडं लागतंच.

आणि श्रावणातले सोमवार. त्या दिवशी महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, दुपारी चारला निघते, रामघाटावर क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते, मग गोपाळ मंदिरावरून परतते. त्या भागातले रस्ते बंद, गल्ल्या माणसांनी भरलेल्या. अलीकडे त्या सोमवारी इथल्या शाळांना सुट्टी देऊन रविवारी वर्ग भरवले गेले आहेत. जुन्या शहरातल्या माणसाला सवारीच्या दिवशी बोलावणं म्हणजे त्याला देव किंवा तुम्ही असं निवडायला लावणं. ते मी करणार नाही. २०२४ मध्ये अशा सात सवाऱ्या निघाल्या, पहिली २२ जुलैला आणि शेवटची शाही सवारी २ सप्टेंबरला. तारखा पुन्हा वाचा. सावनच्या पहिल्या दिवसापासून मराठी श्रावणाच्या शेवटापर्यंत. राणोजी शिंद्यांच्या काळात त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं, पुढे इथे शिंद्यांचं राज्य राहिलं, आणि त्यामुळेच सवारीत दोन्ही पंचांगांचे सोमवार आले असं इथली जुनी माणसं सांगतात. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने चुकवलेलं अंतर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरून चालत भरून काढत आलंय. मी दर सोमवारी ती गर्दी पाहिली होती, आणि रजिस्टरात मात्र एकच महिना लिहू दिला होता.

आता रजिस्टरच्या पहिल्या पानावर आम्ही वर्षाचा तक्ता डकवतो. दोन्ही श्रावण, रमजान, पर्युषण, नवरात्र, परीक्षा. २०२८च्या सिंहस्थाचे महिने आत्ताच रिकामे सोडले आहेत. आणि कुणी "श्रावणानंतर" म्हटलं की विचारायचं, तुमच्या घरी श्रावण कोणत्या दिवशी संपतो.

काकूंना पुढची वेळ द्यायला बसलो तेव्हा कळलं की वाट किती अरुंद आहे. २ सप्टेंबरला पोळा आणि शाही सवारी. ६ला हरतालिका, म्हणजे कडक उपास. ७ला गणपती. १०, ११, १२ला त्यांच्या घरी गौरी. ५ला शिक्षक दिन, शेजारच्या सभागृहात दिवसभर माइक चालू. उरला ४ सप्टेंबर, बुधवार. त्या सकाळी साडेदहाची खोली शाईने लिहिलेली होती, आणि लिहिणारा तोच सहकारी होता ज्याला आमच्यामुळे २१ ऑगस्टला खोली मिळाली नव्हती. मी त्याच्याकडे गेले, घडलं ते सगळं सांगितलं. त्याने त्याच्या माणसाला फोन करून दुपारची वेळ दिली आणि स्वतःची नोंद खोडली. आम्ही आमच्या पुढच्या आठवड्यातल्या दोन सकाळी त्याच्या नावावर केल्या. सहाऐवजी आठ आठवड्यांचं अंतर पडलं होतं. तसं ते आम्ही नोंदवलंय, लेखातही तसंच लिहू.

४ तारखेला ऊन पडलं होतं. काकू दहा वाजून वीस मिनिटांनी आल्या, पंखा न लावता बसल्या, जुलैमध्येही तो लावलेला नव्हता. माझ्या विद्यार्थिनीने शब्दांची दुसरी, तोडीस तोड यादी काढून ठेवली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप, चष्मा, औषध.

"शेवटचं केव्हा खाल्लं, काकू?"

"पोहे. नऊ वाजता. वर लिंबू पिळून."

तिने वेळ लिहून घेतली, दारावर पाटी अडकवली आणि दार हळूच ओढून घेतलं.