फॉर्मच्या तळाशी

फॉर्म लिहून झाला की आमच्या पिढीचे वेब डेव्हलपर आणखी एक ओळ हमखास लिहायचे. सबमिटच्या बटनाखाली ‘प्री’ टॅग, त्यात दुहेरी महिरपी कंस, मॉडेलचं नाव, उभी रेघ आणि ‘जेसन’. अँग्युलरजेएसचे दिवस होते ते, २०१३ च्या आसपासचे. वर चौकटीत अक्षर टाइप करावं, तेच खाली उमटताना बघावं. ईमेलची गंमत तर औरच. पत्ता वैध होईपर्यंत मॉडेलमध्ये ‘अनडिफाइंड’, म्हणून खाली ईमेलची ओळच नसायची. पत्ता वैध ठरवणारं अक्षर पडलं की अख्खी ओळ टपकन हजर. वयाच्या आकड्याला अवतरणचिन्हं दिसली की कळायचं, आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून गेलाय. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं खुर्ची ओढून तळाकडे डोळे लावून बसायचं.

आता अँग्युलर डेव्हटूल्स उघडलं, कंपोनंटवर क्लिक केलं की आतलं सगळं बाजूला दिसतं. अँग्युलरच्या २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीपासून रिअ‍ॅक्टिव्ह फॉर्मला टाइप आले. वयाच्या जागी मजकूर भरणारा कोड लिहिला, तर एडिटर तिथल्या तिथे लाल रेघ ओढतो. डोकावायची वेळच कमी येते. शेजारची खुर्चीही ओढली जात नाही.

आणि ते जुनं धोक्याचंही होतं. एका क्लायंटच्या फॉर्मवर ती ओळ काढायची राहून गेली. पासवर्डच्या चौकटीत ठिपके, आणि तळाशी तोच पासवर्ड ढळढळीत अक्षरांत! काउंटरवरच्या बाई टाइप करत होत्या, मागे माणसं उभी होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. त्याहीआधी, अ‍ॅलर्ट टाकून बघायचो तेव्हा, खिडकीत नुसतं ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ यायचं. ते दिवस परत नकोत.

तरी मागच्या महिन्यात टीममधली एक मुलगी अडली. पत्त्यातला पिनकोड सेव्हच होत नव्हता. म्हटलं, खाली जेसन टाक. तिनं टाकला, मी खुर्ची ओढली. ती सावकाश टाइप करत गेली आणि पिनकोड ‘पत्ता’च्या कंसाबाहेर उमटला. दोघांनाही एकदमच दिसला.

दुरुस्ती झाली. ती ओळ तिनं पुसून फाइल सेव्ह करेपर्यंत मी जागचा हललो नाही.