भुसावळपासून दीड तासावरचा अंधार

महाराष्ट्राने भुसावळ पाहिले आहे ते बहुधा रात्री, गाडीच्या खिडकीतून. नागपूरकडे जाणारी गाडी असो की खंडव्यावरून उत्तरेत जाणारी, मध्यरात्री कधीतरी चहावाल्यांचा गलका सुरू होतो, केळीवाला खिडकीशी येतो आणि वरच्या बर्थवरून कोणीतरी विचारते, "भुसावळ आलं का?" स्टेशनला झोप नाही. यार्डातले हायमास्ट दिवे, इंजिनांचे शेड, पलीकडे दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, वरणगावचा आयुध कारखाना आणि महामार्गावरचे ढाबे, सगळे रात्रभर उजळलेले असते. हजारो घरांच्या चुली या उजेडावर चालतात. तेव्हा त्याच्याविषयी तक्रार नाही.

पण खडका रोडवरच्या एखाद्या गच्चीवर इशानंतर उभे राहून वर पाहा. तांबूस-राखाडी पडदा दिसतो आणि त्यात पंधरा-वीस ठिपके. जुन्या खानदेशात उन्हाळ्यात माणसे धाब्यावर बाज टाकून झोपत आणि झोप लागेपर्यंत आकाश वाचत. आता खोलीत कूलर आहे, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत आणि वाचायला आकाशात फारसे उरलेले नाही.

गंमत अशी की हे आकाश आपल्या घराघरांत नावांच्या रूपाने नांदते आहे. सुरैया म्हणजे कृत्तिकांचा पुंज. त्याच पुंजाला फारसीत परवीन म्हणतात. सुहैल म्हणजे अगस्त्य. जोहरा म्हणजे शुक्र, मुश्तरी म्हणजे गुरू. शिहाब म्हणजे उल्का, हिलाल म्हणजे कोवळी चंद्रकोर आणि तारिक म्हणजे रात्री येणारा. या नावाची तर कुरआनात सूरह आहे. अकीक्याच्या दिवशी आपण ही नावे हौसेने ठेवतो. ज्यांची ती नावे आहेत ते तारे मात्र कितीजणांनी पाहिले असतील?

मशिदीतल्या भिंतीवरच्या वेळापत्रकाचेही तसेच आहे. त्यात सुबह सादिकची वेळ मिनिटासकट छापलेली असते. रमजानमध्ये सहरीचा शेवटचा घास त्या मिनिटावर थांबतो. ते मिनिट आकाशात कसे दिसते, हे विचारले तर घरातली थोरली माणसेसुद्धा विचारात पडतात. ते पाहायला दूर जावे लागत नाही. भुसावळहून साधारण दीड तासावर ते अजून दिसते.

तापीचा पूल ओलांडून फैजपूर-सावद्याकडे निघालो की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. कार्तिकातला थंडावा, ओल्या मातीचा वास आणि समोर सातपुड्याची निळी भिंत. खिरोद्याच्या पुढे रस्ता चढू लागतो आणि रावेर तालुक्यातले पाल येते. यावल अभयारण्याच्या परिसरातले हे थंड हवेचे ठिकाण खानदेशाला सहलीचे म्हणून माहीत आहे. हरणे पाहायची, नदीकाठी डबा खायचा आणि संध्याकाळी परतायचे, असा रिवाज. आम्ही मात्र उलट केले. असरच्या सुमारास पोहोचलो आणि मुक्काम केला. सोबत शाळकरी मुले होती, सतरंज्या होत्या, गोधड्या होत्या आणि थर्मासमध्ये चहा.

तारीख घरातल्या इस्लामी कॅलेंडरवरून ठरवली होती. तारे पाहणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचे कॅलेंडर नाही. चांद्रमासाच्या पंचवीस तारखेपासून पुढच्या महिन्याच्या तीन-चार तारखेपर्यंत रात्रीचा मोठा भाग चंद्राविना जातो. आम्ही सत्ताविसावी रात्र निवडली.

या डोंगरपायथ्याच्या गावांतून तडवी भिल्लांची वस्ती आहे. इस्लाम मानणारा हा आदिवासी समाज रावेर, यावल आणि चोपडा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. ज्यांच्या शेताच्या बांधावर आम्ही सतरंज्या टाकल्या ते म्हातारे चाचा त्यांपैकीच. त्यांनी पहिली अट घातली, "मोबाईल खिशात ठेवा. अर्धा तास कोणी बत्ती लावायची नाही." डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला तेवढा वेळ खरोखरच लागतो, आणि एका पांढऱ्या झोताने ती सवय मोडते. लागलाच तर टॉर्चवर लाल कागद बांधावा. लाल उजेडाने डोळे कमी बिघडतात.

अर्ध्या तासानंतर मुलांची बडबड आपोआप थांबली. पश्चिमेकडून निघालेला एक फिकट पट्टा डोक्यावरून ईशान्येकडे गेला होता. उर्दूत आकाशगंगेला कहकशाँ म्हणतात. या फारसी शब्दात 'काह' म्हणजे वाळलेली काडी, गवत. काडीकचरा ओढत नेल्यावर मागे जी रेघ राहते, ती कहकशाँ. ज्याने कडब्याची गाडी गेल्यावर खानदेशातला रस्ता पाहिला आहे, त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पश्चिमेला अभिजित आणि श्रवण कलत होते. त्यांची इंग्रजी नावे व्हेगा आणि अल्टेअर. दोन्ही मूळची अरबी. 'अन-नसर अल-वाकी' म्हणजे खाली झेपावणारे गिधाड आणि 'अन-नसर अत-ताइर' म्हणजे उडणारे गिधाड. मृगातला राजन्य तारा इंग्रजीत रायजेल झाला, तो 'रिज्ल' म्हणजे पाय या शब्दावरून. जगभरातल्या वेधशाळांत आजही हीच नावे चालतात. रात्री नऊच्या आसपास जवळजवळ डोक्यावर एक अगदी पुसट ढगासारखा डाग दिसला. सरळ पाहिले तर हरवणारा, किंचित बाजूला नजर ठेवली तर पुन्हा उमटणारा. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास लिहिलेल्या स्थिर ताऱ्यांच्या ग्रंथात या 'लहान ढगा'ची नोंद केली आहे, आणि ती या दीर्घिकेची सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. दुर्बीण त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी आली. त्यांच्याजवळ साधन एकच होते, अंधार. आमच्या मुलांजवळही त्या रात्री तेवढेच होते.

मध्यरात्रीनंतर कृत्तिका माथ्यावर आल्या. भुसावळच्या अक्षांशावर त्या जवळजवळ डोक्यावरून जातात. त्यांच्या मागोमाग तांबूस रोहिणी. अरबांनी तिला 'दबरान' म्हटले, म्हणजे मागून चालणारी. आमच्यातल्या एका मुलीचे नाव या कृत्तिकांवरूनच ठेवले आहे. चौदा वर्षांत तिने आपले नाव पहिल्यांदाच पाहिले. तिने सहा तारे मोजले, मग सात, मग पुन्हा सहा. कोणी तिला हाक मारली नाही.

तीनच्या सुमारास चाचा शेतात पाणी पाहून आले. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्री मिळत आली आहे, त्यामुळे या भागातला शेतकरी आपसूक तारे पाहणारा झाला आहे. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांकडे बोट करून ते म्हणाले, "तिकांडं कललं की मला घड्याळ लागत नाही." त्याच्या खाली दक्षिण-पूर्वेला व्याध तळपत होता. हाच तो शिअरा. अरबस्तानात काही लोक त्याची पूजा करीत, आणि सूरह नज्ममध्ये सांगितले आहे की त्याचाही रब अल्लाहच आहे. आणखी खाली दक्षिणेच्या डोंगरांवर सुहैल. वाळवंटातले काफिले त्याच्यावरून दिशा ओळखत.

ईशान्येला सप्तर्षी वर येऊ लागले. आपल्याकडच्या म्हाताऱ्या त्यांना बाज म्हणतात. चार तारे म्हणजे बाजेचे खूर आणि शेपटीतले तीन तारे म्हणजे चोर, ही गोष्ट खानदेशातही चालते. अरबांनी याच चार ताऱ्यांत जनाजा पाहिला आणि मागच्या तिघींना 'बनात-उन-नअश' म्हटले, बापाच्या जनाज्यामागे चालणाऱ्या लेकी. तेच सात तारे. एकीकडे झोपलेल्या म्हातारीची बाज आणि दुसरीकडे लेकींचा शोक. मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांना चोरांची जास्त आवडली.

साडेचारला पूर्वेकडे उजेड दिसू लागला. क्षितिजातून निघून वर निमुळता होत गेलेला, उभा, मंद, पांढुरका. मुले म्हणाली, "उजाडलं." अजून उजाडले नव्हते. ही सुबह काजिब, खोटी पहाट. हदीसमध्ये तिला लांडग्याच्या शेपटीची उपमा आली आहे. सूर्याभोवती ज्या पातळीत ग्रह फिरतात, त्याच पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे. तिच्यावर पडून विखुरलेला सूर्यप्रकाश म्हणजे हा उभा उजेड. आपल्याकडे पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत पहाटे तो सर्वांत चांगला दिसतो. शहरात तो दिसतच नाही. आकाशाची साधी लाली त्याला गिळून टाकते. म्हणजे खोट्या पहाटेपासून सावध राहा ही शिकवण आपण वाचतो, पण ज्यापासून सावध राहायचे तेच शहरातून नाहीसे झाले आहे.

पाच वाजून वीस मिनिटांच्या पुढे फरक पडला. त्या उभ्या शेपटीच्या बुडाशी, क्षितिजालगत, एक आडवी फिकट रेघ उमटली. ती उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे पसरत गेली आणि वाढतच राहिली. ही सुबह सादिक. कुरआनात रोज्याच्या आयतीत पांढऱ्या आणि काळ्या धाग्याचा उल्लेख आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी उशाखाली खरोखरचे दोन धागे ठेवले होते, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की हे धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. पालच्या त्या बांधावर कोणाला काही समजावावे लागले नाही. धागा समोर होता.

आणखी एक गोष्ट मुलांना तिथेच सांगितली. मदिनेत हजरत बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, आणि खाणे-पिणे थांबायचे ते हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्या अजानवर. ते अंध होते. लोक त्यांना सांगत, "पहाट झाली, पहाट झाली," तेव्हा ते अजान देत. म्हणजे अख्ख्या मदिनेचा रोजा अशा माणसाच्या आवाजावर सुरू होई, ज्याला स्वतःला पहाट दिसत नव्हती. त्यासाठी आसपासच्या साध्या लोकांना पहाट ओळखता येणे भाग होते.

वेळापत्रक चुकीचे आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच वेळापत्रकांत सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना सुबह सादिक धरतात, आणि हा हिशोबही कधीतरी कोणीतरी अंधारात उभे राहूनच केला आहे. पूर्वी मोठ्या मशिदींत त्यासाठी 'मुवक्कित' नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीचे चौदाव्या शतकातले मुवक्कित इब्ने शातिर हे थोर खगोलशास्त्रज्ञ होते. घड्याळ मशिदीत राहू द्यावे. पण साक्ष ही पाहणाऱ्याची असते. एकोणतीस तारखेला मगरिबनंतर आपण चंद्रासाठी गच्चीवर जातो, पाच मिनिटे धुरकट पश्चिमेकडे पाहतो आणि मग दुसऱ्या गावाच्या फोनची वाट पाहत बसतो. पाहणारे डोळे कमी झाले की गवाहीही बाहेरून मागवावी लागते.

हा अंधार कायम राहील, याची खात्री नाही. पालच्या बांधावरूनही दक्षिणेला क्षितिजावर भुसावळ-जळगावकडची पिवळट झळाळी दिसते. पण प्रकाशाचे प्रदूषण इतर प्रदूषणांसारखे चिवट नाही. दिवा झाकला की ते त्याच क्षणी संपते. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे काढून उजेड फक्त जमिनीवर पाडणारे दिवे बसवले. गावे अंधारात गेली नाहीत, फक्त आकाशाकडे जाणारा उजेड थांबला. आपल्या घरावरचा, दुकानावरचा, मशिदीच्या अंगणातला दिवा खाली तोंड करून बसवायला आणि इशानंतर रोषणाई बंद करायला कोणाची परवानगी लागत नाही.

जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंतचे दिवस चांगले. पहाटेची सुबह काजिब पाहायची असेल तर नोव्हेंबरपर्यंतच जावे. अभयारण्यात रात्री फिरता येत नाही, म्हणून मुक्काम गावातच करावा आणि उघड्यावर बसण्याआधी गावकऱ्यांना विचारावे. थंडी चांगलीच असते. म्हाताऱ्यांसाठी खुर्ची, लहानांसाठी कानटोपी आणि सर्वांसाठी जाड पांघरूण. दुर्बीण नसली तरी चालते. पूर्व क्षितिज मोकळे असेल अशी जागा दिवसाच पाहून ठेवावी.

आम्ही वुजू केला तेव्हा पाणी बर्फासारखे होते. बांधावरच फजरची जमात झाली. सलाम फेरून पाहतो तो पूर्वेला, वाढत्या उजेडात, जुन्या महिन्याची शेवटची बारीक कोर निघाली होती. चाचा म्हणाले, "आता दोन-तीन दिवस दिसायची नाही. मग तिकडे," आणि त्यांनी पश्चिमेकडे हात केला. मुलांनी तो हात नीट पाहून ठेवला. पुढच्या महिन्याचा चंद्र ती खडका रोडच्या गच्चीवरून शोधणार आहेत.