पट्टीखालचा पत्रा

जुन्या मोटारीच्या दारावर बाहेरून जी चकचकीत पट्टी असते, तिच्याकडे आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो. गाडी धुताना तिच्यावरून फडके फिरवले की आपले कर्तव्य संपते. पट्टीच्या खाली काय चालले आहे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तो पडतो तेव्हा पत्रा बराच पुढे गेलेला असतो.

आमच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातील या गाडीचे उत्पादन बंद होऊन आता दोन तपे उलटून गेली. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची गाडी मात्र रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत अद्याप चालते. गेल्या हिवाळ्यात तिच्या पुढच्या डाव्या दारावर, पट्टीच्या कडेने, रंगाला बारीक फोड आलेले दिसले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आतून रंगाला उचलतो. फोड दिसला याचा अर्थ काम आत कधीच सुरू झालेले आहे. मिस्त्रींनी दारावर चुंबक फिरवून पाहिले. काही जागी ते चिकटेना. तिथे पत्रा उरलाच नव्हता, नुसती पुट्टी होती.

पट्टी उतरवणे हे मी समजत होते त्यापेक्षा फार हळुवार काम निघाले. मिस्त्रींनी आधी दाराचे आतले पॅड काढले, कारण टोकांच्या क्लिपा आतून नटांनी आवळलेल्या होत्या. त्या नटांना तेल पाजून रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी पट्टीच्या वर आणि खाली रंगाला कागदी चिकटपट्टी लावली आणि स्क्रूड्रायव्हरऐवजी बांबूची तासलेली कामटी घेतली. टोकाला धरून पट्टी ओढायची नाही. एकेका क्लिपेपाशी जाऊन तिथेच थोडी उचलायची, मग पुढच्या क्लिपेकडे वळायचे. पातळ धातूला एकदा मुरड पडली की तो ताणला जातो आणि पुन्हा पूर्वीसारखा सरळ होत नाही. एका पट्टीला तासभर लागला.

पट्टीखाली फिकट पिस्त्याच्या रंगाचा एक सलग पट्टा निघाला. गाडी तर माझ्या आठवणीत कायम पांढरी. पूर्वी कुणा रंगाऱ्याने पट्ट्या न उतरवता, त्यांच्या कडेकडेने पांढरा रंग मारला होता. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला झाकलेला जुना पाठ सापडावा, तसा आनंद मला क्षणभर झाला. पण गंज शिरला होता तो नेमका त्या दोन रंगांच्या शिवणीतून आणि क्लिपांच्या भोकांतून. पट्टी स्टेनलेस स्टीलची, पत्रा साध्या लोखंडाचा. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारे पाणी आले, की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा राखला जातो. चाळीस वर्षांनंतरही पट्टी लखलखत होती. तिची किंमत पत्रा मोजत होता.

काव्यशास्त्र शिकवताना मम्मटाने अलंकारांना दिलेली हारादी दागिन्यांची उपमा आपण सारेच सांगतो. हार उतरवला तरी गळा गळाच राहतो, म्हणून अलंकार असले तर शोभा, नसले तरी काव्याला बाध नाही, असे त्यातून आपण काढतो. त्या दाराकडे पाहताना मला वाटले की सगळे दागिने हाराच्या जातीचे नसतात. नथ आणि कुडी यांच्यासाठी आधी टोचावे लागते. हा अलंकार अंगावर येतो तो अंगाला छिद्र पाडूनच. आणि तो काढला की मूळचे नितळ अंग परत मिळत नाही, छिद्र मिळते. एखाद्या कवितेतील प्रतिमा काढून टाकल्यावर ओळ साधी न होता भोकाची का होते, याचे उत्तर मला वर्गात कधी इतक्या स्वच्छपणे देता आले नव्हते.

मिस्त्रींचे मत उलट होते. ते म्हणाले, “मॅडम, भोकं वेल्डिंग करून बुजवून टाकू. पट्टी नकोच. गंजाचं मूळच जाईल.” व्यवहाराने पाहता ते बरोबर होते, आणि मी जवळजवळ मान्यही केले होते.

त्याच संध्याकाळी अण्णा गाडीपाशी आले. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेल्याला सहा वर्षे झाली. ते मागच्या दारापासून पट्टीवर बोटे टेकवत पुढे येतात आणि पट्टीच्या अंदाजाने मूठ शोधून दार उघडतात. हे मी रोज पाहत आले होते. त्या दिवशी त्यांचा हात उघड्या पत्र्यावरून सरकत गेला, एका भोकाशी थांबला, पुन्हा मागे आला. “रेघ कुठे गेली गं?” त्यांनी विचारले. ते पट्टीला ‘रेघ’ म्हणतात हे मला ठाऊक नव्हते.

भोके राहिली. गंजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा जोडला. पत्रा पांढरा होईपर्यंत घासून त्यावर प्रायमर दिला आणि पुट्टी त्यानंतरच, पातळ. भोकांच्या कडाही आतून-बाहेरून रंगवल्या, धातूच्या क्लिपा जाऊन प्लास्टिकच्या आल्या, प्रत्येकीखाली पाणी अडवणारा लांबट चिकट मसाला भरला. दाराच्या तळाची, पाणी निथळण्याची तोंडे चिखलाने बुजली होती, तीही मोकळी केली. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरणारच, त्याला वाट हवी.

एवढे करूनही मिस्त्रींनी हमी दिलेली नाही. दर दोन वर्षांनी, पावसाळा सरल्यावर, पट्ट्या पुन्हा उतरवून पाहाव्या लागतील असे त्यांनी बजावले आहे. बांबूची ती कामटी मी त्यांच्याकडून मागून घेतली आहे.