पितळेची तालीम

मी उर्दूतून विज्ञान शिकवतो. मिश्रधातू समजावताना काडतुसाचं पितळ उपयोगी पडतं: ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त.

१९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम काडतूस दोन रूपांत आणलं. एकाच्या बुडाशी पट्टा. ते मॅगझिनच्या रायफलीसाठी. दुसऱ्याच्या बुडाला बाहेर आलेली कड, ते दुनळीसाठी. कडेमुळे काडतूस जागच्या जागी अडतं आणि रिकामी पुंगळी सहज ओढली जाते. कडेच्या पुंगळ्या आता दुर्मीळ. म्हणून जाणते कारागीर दुसऱ्या काडतुसाची पुंगळी लेथवर कातून कडेच्या घरात बसवतात.

पण माप जुळलं म्हणजे झालं, असं नाही. तोंडाकडचं पितळ घडवताना कडक होऊन तडकतं, म्हणून तेवढंच तापवून नरम करतात. बूड तापवायचं नाही. दाब तेच पेलतं. शिवाय दुनळीची भरणी मुळातच सौम्य होती. पट्ट्याची भरणी तिच्यात घातली, तर बंदुकीला धोका आणि माणसालाही.

दहावीनंतर आमची मुलं मराठी-इंग्रजीतून शिकू लागतात. जबान नव्या साच्यात बसवावीच लागते. मराठी नीट आली पाहिजे, हे मी पालकांना बजावतो. पण मादरी जबानीत पक्की झालेली समज कुणी कातू नये. पुढच्या अभ्यासाचा दाब तीच पेलणार आहे. आणि कॉलेजातल्या उस्तादांनी पहिल्या वर्षी भरणी थोडी बेतानं करावी.