चाळ बांधलेला पाय

भाद्रपदातली रात्र पोलादपूरच्या वाड्यांवर उतरते तेव्हा अंधाराला आधी वास येतो : निसवत्या भाताचा, भिजल्या मातीचा, गौरीसाठी तळलेल्या वड्यांचा. मग आवाज जागे होतात. पऱ्ह्याची खळखळ, बेडकांचा कल्ला, कशेडी घाटाच्या चढणीला लागलेल्या एखाद्या गाडीची लांबलचक घरघर. आणि या सगळ्याच्या तळातून, हलके हलके, घुंगरांची ओळ पायवाटेनं वर चढू लागते.

जाखडी येत असते.

मी महाडची. विरेश्वराच्या छबिन्याचे ढोल छातीत घुमवत मोठी झाले. पण गाणं माझ्यापर्यंत नेहमी कर्ण्यातूनच आलेलं. माणसाचा उघडा आवाज रात्रभर गोष्ट उभी करू शकतो, हे मला समजलं ते पोलादपूरकडच्या एका वाडीत, सारवलेल्या अंगणात गोणपाटावर बसले तेव्हा. जाखडी मी पहिल्यांदाच समोर बसून ऐकत होते.

मधे ढोलकी, झांज, शाहीर आणि त्याचे झीलकरी. भोवती गड्यांचं रिंगण, प्रत्येकाच्या एकाच पायात चाळ. आदल्या दिवसापर्यंत मुंबईत नोकरीच्या वेळा सांभाळणारी ही माणसं गणाला वाकली, गौळणीला हसली, आणि मग सवाल-जवाब सुरू झाला. शक्तीवाल्यांना प्रकृती थोर, तुरेवाल्यांना पुरुष. सृष्टीच्या उगमाचं ते जुनं भांडण शाहिरानं कानावर हात ठेवून असं काही वर उचललं, की झील त्याच्यामागून धावली, ढोलकी दुणावली, रिंगण गरगरू लागलं, घामानं चमकणाऱ्या पाठी, कंदिलाचा हलता उजेड, भिंतीवर झेपावणाऱ्या सावल्या, सगळं एकाच लयीत ओढलं गेलं, आणि नेमक्या समेवर साऱ्या पायांतले चाळ एकदम वाजून थांबले.

अंगण स्तब्ध झालं.

त्या स्तब्धतेत मला दूरदूरचे रंगमंच आठवत गेले. व्हेनिसमध्ये 1637 साली तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसासाठी ऑपेराचं पहिलं नाट्यगृह उघडलं. तिथंही माणसं गाऊनच भांडत होती, गाऊनच मरत होती. पुण्यात 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि मराठी माणूस पदांच्या वेडात बुडाला. यांतल्या कुणाहीपाशी ध्वनिक्षेपक नव्हता. होता तो श्वास, आणि त्या श्वासाला जपणाऱ्या भिंती.

आमच्याकडे अशा भिंती रायगडावर आहेत. राजसभेत नगारखान्यापाशी काढलेला बारीक आवाजही सिंहासनाच्या जागी पोचतो. 1674 च्या राज्याभिषेकात याच सभेत किती स्वर घुमले असतील! सह्याद्रीच्या या कुशीत आवाज कसा जपावा हे दगडालाही ठाऊक होतं. वाडीतल्या शाहिराला ते गळ्यातूनच ठाऊक असतं. समोरच्या डोंगराला ऐकू जावं म्हणून हाक मारणाऱ्यांचा हा गळा. भातलावणीच्या पावसात भिजलेला, उन्हात वाळलेला.

पहाटे घरधनीण काकी मला म्हणाल्या, ‘‘झोप न्हाय आली ना बाय? गाणं अंगात गेलं की असंच होतं.’’ त्यांचं म्हणणं खरंच होतं. रस्त्याला लागले तरी पाय लय सोडत नव्हते.

संगीत नाटक म्हटलं की आपल्याला मखमली पडदा आठवतो, झुंबरं आठवतात. त्या वैभवाला माझा नमस्कारच आहे. पण ज्या कलेत शब्द, सूर, नाच आणि वाद हे सगळं एका श्वासात उभं राहतं, ती या अंगणातही तितकीच पूर्ण आहे. कुठल्याही मोठ्या नाट्यगृहाच्या पंगतीला ती मानानं बसेल. म्हणून यंदा गौरी-गणपतीला महाड-पोलादपूरकडे आलात, तर घाट ओलांडायची घाई करू नका. कर्णा नसलेलं एखादं अंगण शोधा, मुलांना शेजारी घेऊन बसा, आणि शेवटच्या जवाबापर्यंत उठू नका.